सरकीचं बोर्डिंग

तुम्ही-आम्ही ज्याला हॉस्टेल म्हणतो, त्याला आमच्या आजीच्या पिढीतले लोक अजूनही 'बोर्डिंग' म्हणतात. शब्द जुना आणि मानाचा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे वेगवेगळ्या समाजांच्या बोर्डिंगांची रांगच उभी राहिली. आमच्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं. खेड्यातल्या पोराला शहरात झोपायला जागा आणि वेळेवर दोन भाकरी मिळाल्या, की बाकीचं ते पोरगं पाहून घेईल, असा तो सरळ हिशेब होता. (मेसच्या भाकरीला नावं ठेवायची पद्धतही बहुतेक तेव्हापासूनचीच असावी!)

त्यामुळे २०२५ च्या फेब्रुवारीत मी घरी फोनवर 'मांजरीचं बोर्डिंग' असा शब्द काढला, तेव्हा आजीला वाटलं नातू चेष्टा करतोय.

"मांजरीले बोर्डिंग? तिले का मॅट्रिक व्हा लागते?"

पण मित्रांनो, प्रश्न चेष्टेचा नव्हता. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन त्या मांजरीपायी अडलं होतं. ते कसं, हे सांगायचं तर आधी सरकीची ओळख करून द्यावी लागेल.

माझं गाव बोरी अरब. दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना अडाण नदीचा पूल लागतो, तेच. आमच्याकडे कापूस वेचून झाला, की भाव येईपर्यंत तो घरातच ठेवतात. समोरची खोली पार छतापर्यंत भरलेली आणि घरची माणसं मागच्या खोलीत दाटीवाटीनं. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, पोरांच्या अंगावर पुरळ येतं. पण भाव वाढेल ह्या आशेपुढे खाजेचं काही चालत नाही. माणसाला छळणारा हाच ढीग मांजरीला मात्र बाळंतपणासाठी फाईव्ह स्टार वाटतो. मऊ, उबदार आणि अंधारा! डिसेंबरात एका भटक्या मांजरीनं त्या ढिगाच्या मागच्या कोपऱ्यात चार पिल्लं घातली.

जानेवारीत बाबांनी एकदाचा कापूस विकायचा ठरवला. गाडी दाराशी लागली, ढीग खाली येऊ लागला, आणि मांजरीनं बिऱ्हाड हलवलं. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. हिनं मानेला धरून एकेक करत तीन पिल्लं नेली. चौथं मात्र राहिलं.

अशा वेळी माणसानं लगेच हात लावू नये. आई परत येण्याचा संभव असतो, म्हणून दूर राहून वाट पाहायची. आम्ही पाहिली. सेमिस्टरची परीक्षा संपवून मी तेव्हा घरीच होतो. संध्याकाळ झाली, रात्र झाली, थंडी पडली. दहाच्या सुमारास त्या पिल्लाचा आवाज बारीक होत चालला, तेव्हा आजी उठली. "तुमी पाहत बसा तुमचं शास्त्र," म्हणाली, पिल्लू पदरात गुंडाळलं आणि मला गरम पाण्याची बाटली फडक्यात बांधून आणायला लावली. आधी ऊब आणि मग अन्न, हा क्रम बरोबरच आहे. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आजीला हे कोणी शिकवलं नव्हतं. तिनं शेळीची करडं जगवली होती, तेवढं पुरेसं होतं.

पिल्लू करड्या-काळपट रंगाचं, अंगभर कापसाचे धागे चिकटलेलं. म्हणून नाव सरकी.

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केलं. ३९० ग्रॅम. दुकानदारानं विचारलं, "पॅक करू काय?" पहिले काही आठवडे पिल्लाचं वजन आठवड्याला साधारण शंभर ग्रॅमनं वाढतं, त्यामुळे ३९० ग्रॅम म्हणजे वय महिन्याच्या आसपास. मी ग्राफ पेपर काढला, एक्स अक्षावर दिवस, वाय अक्षावर ग्रॅम. चार दिवसांनी रेषा आडवी झाली आणि सहाव्या दिवशी खाली वळली.

कारण आजीचे लाड! दूध-पोळी, दुधावरची साय, आणि कोणाच्या घरून आलेला पेढा. पिल्लाला जुलाब सुरू झाले. यवतमाळच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. गाईच्या दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, बऱ्याच मांजरांना नीट पचत नाही, आणि मांजरीच्या दुधात असतात तेवढी प्रथिनं नि स्निग्धांश गाईच्या दुधात नसतात. म्हणून पिल्लासाठी वेगळी पावडर मिळते ती कोमट पाण्यात कालवून द्यायची आणि हळूहळू मऊ खाण्यावर आणायचं. जंताचं औषध आठवणीनं. आठ आठवड्यांची झाली की पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी दुसरी, आणि तीन महिन्यांची झाली की रेबीजची.

पेढ्याबद्दल मी नंतर स्वतः वाचलं. मांजरीला गोड चव कळतच नाही. २००५ साली संशोधकांनी दाखवून दिलं, की गोड चव ओळखायला जे दोन जीन लागतात त्यातला एक मांजरकुळात निकामी झालेला आहे. घरातली मनी असो की आमच्या जिल्ह्यातला टिपेश्वरचा वाघ असो, पेढ्याचा गोडवा दोघांनाही सारखाच अज्ञात. मी हे आजीला समजावून सांगितलं. "ती पेढा खाते तो त्यातल्या खव्यासाठी, गोडासाठी नाही."

आजी म्हणाली, "मंग माह्या हातचा म्हनून खाते."

ह्यावर विज्ञानाकडे उत्तर नाही.

पण खरी पंचाईत पुढे होती. आमचं घर माळकरी. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ, आषाढी-कार्तिकीचा उपास, घरात अंडं सुद्धा येत नाही. आणि मांजर पडली वाघाची मावशी. टॉरिन नावाचं एक द्रव्य तिला अन्नातूनच मिळावं लागतं, कारण तिचं शरीर ते पुरेसं तयार करू शकत नाही, आणि ते मांसात-माशात असतं, पोळीत नसतं. टॉरिन कमी पडलं तर मांजरीचं हृदय पसरट होऊन निकामी होतं, हे १९८७ साली अमेरिकेत सिद्ध झालं आणि तेव्हापासून मांजरींच्या तयार खाण्यात ते जास्त घालायला लागले. नुसत्या दूध-पोळीवर वाढलेली गावातली मांजर जगते, ती बाहेर उंदीर मारते म्हणून. घरात कोंडलेल्या पिल्लाचं तसं नाही.

मला वाटलं आता घरात कीर्तन होणार. आजीनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी निकाल दिला. "तिच्या जातीले देवानं जे देलं ते तिनं खावं. पन माह्या चुलीवर नोको."

इथे खाला आल्या. आमच्या आणि त्यांच्या घरात एक भिंत आहे, छातीइतकी उंच. आजी आणि खाला चाळीस वर्षं त्या भिंतीवरून बोलत आल्या आहेत. ईदला शिरखुर्मा भिंतीवरून इकडे येतो, दिवाळीला चिवडा-करंजी तिकडे जाते. आता रोज सकाळी एक स्टीलची डबी येऊ लागली. त्यात उकडलेल्या कोंबडीचे चार बारीक तुकडे, हाडाशिवाय. मीठ नाही, मसाला नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही, कारण कांदा-लसणानं मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. एरवी ताटाखाली येणाऱ्या मांजरीला आपण रस्सा कालवलेला भात टाकतो, तो म्हणूनच चांगला नाही. ही डबी म्हणजे सरकीचा खाऊ. मुख्य जेवण पिल्लांचं तयार खाणं, भिजवून. खाऊ हा दिवसभराच्या अन्नाच्या दहाव्या हिश्शापलीकडे जाऊ नये, असा डॉक्टरांचा नियम होता. तो खालांनी पाळला. आजीनं पाळला असं मी म्हणणार नाही.

मेसमागच्या मांजरी सांभाळणाऱ्यांसाठी इथेच दोन गोष्टी सांगून टाकतो. एक, मांजर आजारी दिसली म्हणून आपल्याजवळची तापाची गोळी तिला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल पचवणारी यंत्रणा मांजरीच्या यकृतात फार दुबळी असते. आपली एक गोळी तिचा जीव घेऊ शकते. दुसरं, भटक्या मांजरीनं चावलं किंवा ओरबाडलं तर हळद लावून झोपू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या, ती तिथे फुकट मिळते.

असो. तर ऑपरेशनचं.

आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पार पिकलेला. सरकी पायात आली की तिला दिसायची नाही. दोनदा आजी पडता पडता वाचली. मग तिनं सरकीच्या गळ्यात घुंगरू बांधलं. मांजरीच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न उंदरांना पिढ्यान्‌पिढ्या सुटलेला नाही. आजीनं तो एका दुपारी सोडवला. मी फक्त दोरी बदलून इलॅस्टिक घातलं, कुठे अडकलं तर गळफास बसू नये म्हणून. छुनछुन ऐकू आलं की आजी जागच्या जागी थांबायची. आईनं हे पाहिलं आणि बाबांना म्हणाली, "आता ऑपरेशन लांबवू नका."

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात दाखवलं, मार्चच्या पहिल्या आठवड्याची तारीख मिळाली. वर्ध्याला मावशीकडे आठ-नऊ दिवस राहायचं, ऑपरेशन, नंतरची तपासणी, मग परत. आजीबरोबर आई-बाबा दोघंही जाणार, कारण आजीला एकट्या आईनं आवरणं शक्य नाही. म्हणजे घराला कुलूप. तारीख मिळाली त्या रात्री आजीनं जाहीर केलं:

"मी नाई येत. त्या लेकराले कोन पाहीन?"

बाबा चिडले, आई रडली. आजी ढिम्म. "दोन महिने डोया झाकला काय न् उघडा काय, आता काय पाहाचं राह्यलं माह्यं?" हे ती सहज बोलली असेल, पण फोनवर ऐकताना मला ते लागलं. मी तेव्हा हॉस्टेलला परत आलो होतो आणि सेशनल तोंडावर होत्या.

मग सुरू झाला शोध. सरकीला बरोबर नेणं बाद. एसटीच्या गर्दीत, यवतमाळला गाडी बदलून, कापडी पिशवीतलं पिल्लू निसटलं की संपलं. शिवाय मांजर ही माणसापेक्षा जागेला जास्त धरून असते. नव्या घरात ती आधी कपाटाखाली जाते आणि दोन दिवस तिथेच बसते.

नागपुरात एका ठिकाणी मांजरींचं बोर्डिंग आहे असं कळलं. फोन केला. पलीकडच्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "लसीचं कार्ड आहे का?" सरकीची पहिली लस झाली होती, दुसरी व्हायची होती, रेबीजची तर बाकीच. त्यांनी सरळ नाही म्हटलं. आणि बरोबरच होतं त्यांचं. जिथे दहा घरच्या मांजरी येतात तिथे पॅनल्युकोपेनियासारखा रोग एका पिल्लापासून सगळ्यांना होऊ शकतो, आणि तो विषाणू फरशी-पिंजऱ्यात महिनोन्‌महिने टिकतो. कार्ड न विचारता कोणी मांजर ठेवून घेत असेल, तर उलट तिथे ठेवू नये.

हॉस्टेलवर आणावी का? रेक्टर सर हे वाचत असतील म्हणून स्पष्ट लिहितो, की हा विचार फक्त विचारच राहिला.

पण बातमी विंगमध्ये पसरली आणि शेजारच्या खोलीतल्या एक्सटीसीच्या दोन महाभागांना मिनी प्रोजेक्टचा विषय सापडला. 'स्वयंचलित मार्जार-भोजन यंत्र'! आर्डुइनो, एक सर्व्हो मोटर, बिस्किटांची प्लॅस्टिकची बरणी आणि फेव्हिक्विक. दिवसातून चार वेळा झडप उघडणार, ठरलेलं कोरडं खाणं वाटीत पडणार. गावात वीज जाते म्हणून पॉवर बँक, आणि ती संपली तर दुसरी. तीन रात्री जागून त्यांनी ते बनवलं. पहिल्या चाचणीत अख्खी बरणी रिकामी झाली, दुसऱ्यात मुंग्या आल्या, तिसऱ्यात चाललं. खोटं कशाला बोलू, यंत्र उत्तम होतं. पुढच्या शनिवारी मी ते गावी नेऊन बसवलं. सरकी मोटरच्या आवाजाला घाबरून पळाली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावरच चढून झोपली.

आजीनं यंत्राकडे बराच वेळ तोंड जवळ नेऊन पाहिलं. मग विचारलं, "हे खायाले देते. पन तिनं खाल्लं का नाई, हे कोन पाहाते?"

खरं सांगतो, तीन रात्री जागलेल्या चार इंजिनियरांपैकी एकाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. आणि मला आपली मेस आठवली. फर्स्ट इयरला मला टायफॉइड झाला होता. दोन दिवस मेसला गेलो नाही. रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे दोन फुल्या पडल्या, एवढंच. तिसऱ्या दिवशी वाढणाऱ्या मावशींनी कोणाला तरी विचारलं, "तो बोरीवाला दिसून नाही राह्यला, कुठी गेला?" आणि खोलीवर खिचडीचा डबा आला. अन्न ठरल्या वेळी टेबलावर तिन्ही दिवस होतंच.

पिल्लाच्या बाबतीत तर हे जास्तच. एवढ्या लहान जिवानं एक दिवस खाल्लं नाही तरी साखर उतरते, अंगातलं पाणी उतरतं. मांजर आजारपण लपवते. ओरडत नाही, कोपऱ्यात जाऊन बसते. तेव्हा ती कोपऱ्यात आहे हे ज्याच्या लक्षात येईल असं माणूस हवं.

माणूस भिंतीपलीकडेच होतं. खालांना मांजरींची तशी आवड नाही, त्यांचा जीव बकऱ्यांवर. पण आजीला त्या म्हणाल्या, "अम्मा, तुमी जाऊन या. डोया पहिले. मी हाय ना." किल्ली त्यांच्याकडे दिली. सरकी आपल्याच घरात, आपल्याच जागेवर राहणार. खाला सकाळ-संध्याकाळ येऊन पाणी बदलणार, मातीचं घमेलं साफ करणार, डबीतला खाऊ देणार आणि घटकाभर बसणार. मुंग्यांवर त्यांनी एक मिनिटात उपाय काढला. परातीत पाणी, त्यात पालथी वाटी आणि वर खाण्याची वाटी. आमच्या एक्सटीसीवाल्यांनी त्याचा फोटो रिपोर्टात 'मॉडिफिकेशन' म्हणून लावला. डॉक्टरांच्या सल्ल्यानं आजीची जुनी गोधडी सरकीसाठी अंथरून ठेवली, कारण ओळखीचा वास असला की पिल्लू घाबरत नाही. डॉक्टरांचा नंबर मी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून आलो.

आजी गेली. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. रोज संध्याकाळी मावशीच्या घरून आजीचा फोन यायचा. पट्टी असल्यानं व्हिडिओचा उपयोग नव्हता, म्हणून तिनं युक्ती काढली: "घुंगरू ऐकव." खाला फोन सरकीजवळ धरायच्या, छुनछुन व्हायचं, आजी खूश.

चौथ्या दिवशी सकाळी पावणेसातला मला खालांचा फोन. आठ वाजता माझा पेपर.

"बेटा, घुंगरू वाजून नाई राह्यलं."

त्या घरात गेल्या होत्या. यंत्रानं रात्रीचं आणि पहाटेचं खाणं वेळेवर टाकलं होतं, वाटीत तसंच ढीग. सरकी कोठीच्या मागे बसलेली, तोंडातून लाळ, आणि ओठाच्या कडेनं एक लाल दोरा लोंबतोय. गोधडीचा दोरा. पिल्लू खेळता खेळता उसवतं, आणि मांजरीच्या जिभेवर काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे एकदा जिभेवर आलेला दोरा तिला थुंकता येत नाही, तो आतच जातो.

खालांचा हात दोऱ्याकडे गेलाच होता. मी ओरडलो, "ओढू नका!" डॉक्टरांनी आधी सांगितलेलं होतं. दोऱ्याचं दुसरं टोक आतड्यात असेल तर ओढल्यावर पायजम्याच्या नाडीवर जशा चुण्या पडतात तशी आतडी गोळा होतात, आणि दोरा करवतीसारखा आतून कापतो. मी डॉक्टरांना फोन लावला; ते म्हणाले, काही करू नका, खायला देऊ नका, लगेच घेऊन या. खालांचा मोठा मुलगा, आमचा भाई, दुकान उघडायच्या घाईत होता. त्यानं दुकान तसंच ठेवलं. भाजीचे दोन प्लॅस्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीनं बांधले, आत सरकी, मागे खाला मांडीवर क्रेट धरून, आणि मोटरसायकल यवतमाळच्या रस्त्याला लागली.

पेपरात मी काय लिहिलं ते आठवत नाही.

साडेअकराला फोन सुरू केला तर भाईचा मेसेज होता. दोऱ्याचा वेढा जिभेखाली अडकला होता, तो डॉक्टरांनी कापला. आता आत गेलेला तुकडा आपोआप बाहेर पडतो का ते दोन-तीन दिवस पाहायचं, नाहीतर पोट उघडावं लागेल. सकाळी वेळेवर आणली म्हणून ही संधी मिळाली, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळपर्यंत सलाईनवर ठेवणार होते.

आणि संध्याकाळी आजीचा फोन येणार होता!

आईनं निर्णय घेतला, की पट्टी निघेपर्यंत आजीला काही सांगायचं नाही. ताण नको, डोळ्याला हात नको, रडणं तर नकोच. पण घुंगराचं काय? सरकी दवाखान्यात. खाला एकट्या घरी परतल्या होत्या. सहा वाजता फोन वाजला तेव्हा त्यांनी दावणीची बकरी जवळ ओढली आणि तिच्या गळ्यातलं घुंगरू फोनसमोर हलवलं.

पलीकडून आजी थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "आज आवाज जाडा येऊन राह्यला."

"सर्दी झाली असंन, अम्मा," खाला म्हणाल्या.

सरकी रात्री घरी आली, म्हणजे खालांच्या घरी. त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री तिला त्यांनी आपल्या खोलीत, खाटेखाली ठेवलं. यंत्राचा स्विच बंद केला. रोज सकाळी मला मातीच्या घमेल्याचा फोटो यायचा. इंजिनियरिंगच्या मुलाच्या फोनवर असे फोटो का येतात, हे माझ्या रूम पार्टनरला समजावता समजावता नाकी नऊ आले. तिसऱ्या दिवशीच्या फोटोत वीतभर लाल दोरा होता, आणि खाली खालांच्या नातीनं टाइप केलेलं 'मुबारक हो'. विंगमध्ये त्या रात्री चहा झाला.

आजी परत आली ती काळा चष्मा लावून, एखाद्या पुढाऱ्यासारखी. डोळ्यात थेंब टाकायचे, पाणी जाऊ द्यायचं नाही, धुळीपासून जपायचं आणि मांजर उशाशी घ्यायची नाही, असा बंदोबस्त. सरकीला ओसरीत झोपवलं तर ती दारावर नखं घासत रात्रभर ओरडली; आजी आतून तिला समजावत जागी. तीन रात्रींनंतर दोघी दमून झोपल्या. दोऱ्याची हकीकत बाबांनी हळूच सांगितली, तेव्हा आजी म्हणाली, "मले माहीत होतं. बकरीचं घुंगरू मले ओयखू येत नाई काय?"

"मग बोलली का नाहीस?"

"ती एवढं करून राह्यली, तिले कशाले घाबरवू?"

सरकीची दुसरी लस झाली, रेबीजचीही झाली. आता तिचं कार्ड पूर्ण आहे, नागपूरच्या ताईंनाही चालेल असं. सहा महिन्यांची व्हायच्या सुमारास तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं, नाहीतर पुढच्या कापसात पुन्हा चार पिल्लं होती. गोधडीच्या जागी न उसवणारं पोतं आलं. भोजन यंत्राला कॉलेजच्या प्रदर्शनात उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांनी मर्यादा विचारल्या, तेव्हा आमच्या लोकांनी आजीचा प्रश्न जसाच्या तसा, वऱ्हाडीत सांगितला.

उजव्या डोळ्यानं आता आजीला सरकी अंगणातून सुद्धा दिसते. म्हणून एक दिवस ती इलॅस्टिक काढायला बसली, आता घुंगराची गरज काय. तेवढ्यात भिंतीवरून खालांचा आवाज आला, "अम्मा, ते राहू द्या! तुमाले दिसते, मले इकून ऐकू याले पायजे."

घुंगरू राहिलं. डाव्या डोळ्यासाठी दिवाळीनंतरची, नोव्हेंबरातली तारीख मिळाली. ती आजीनं आधी भिंतीपलीकडे विचारून घेतली आणि मगच सेवाग्रामला कळवायला सांगितली.